पंगत पुरी कधी होते?

लोणी भापकर हे गाव पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात आहे. मोरगावचा गणपती तिथून जवळच. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथं पोचलं, तिथं ऊस खरंच आहे. पण लोणी भापकरचा भाग जिरायती. इथली बरीच शेती पावसावर चालते. पाऊस आला तर बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे. नाही आला तर आभाळाकडं बघत बसायचं.

अशा गावात अन्नाची किंमत सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच अन्न मिळून खाण्याची गोष्ट आम्ही इथूनच सुरू करतो.

श्रावणातला दिवस आहे. बाजरीत खुरपणी चालली आहे. ऊन डोक्यावर आलं. बायका खुरपी ठेवतात, हात धुतात आणि लिंबाच्या सावलीला गोल करून बसतात. फडकी सुटतात. एकीच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. दुसरीनं मटकीची उसळ आणली आहे. तिसरीकडं तांदुळजाची भाजी. चौथीनं शेंगदाण्याची चटणी आणि कांदा आणला. पाचवीच्या फडक्यात नुसती भाकरी आहे. तिला कोरड्यास करायला वेळ झाला नाही म्हणा, की घरात काही नव्हतं म्हणा. ती फडकं जरा आडोशालाच सोडते.

पण गोल बसलं की आडोसा कुठला? शेजारणीला दिसतंच. ती काही विचारत नाही. उसळीचा डबा नुसता पुढं सरकवते. दुसरी भाजी वाढते. पाचवी बाई मग हसते आणि जेवू लागते.

यात दोन फायदे झाले. पहिला पोटाचा. प्रत्येकीनं एकच पदार्थ आणला होता, पण प्रत्येकीच्या पोटात चार पदार्थ गेले. भाकरीनं बळ मिळतं. मटकीनं अंगाची झीज भरून निघते. पालेभाजीनं रक्ताला मदत होते. नुसती भाकरी आणि ठेचा खाऊन हे सारं मिळत नाही.

दुसरा फायदा त्याहून मोठा. कुणाकडं कमी आहे, ते सगळ्यांना दिसलं. मागायची वेळच आली नाही.

जाणती माणसं १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगतात. त्या साली महाराष्ट्रभर पिकं बुडाली. हजारो बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, माती उपसत होत्या. परदेशातून आलेली लाल ज्वारी लोकांनी खाल्ली. तिला मिलो म्हणत. कामावर सुकडी मिळे. तेव्हासुद्धा दुपारी माणसं गोल करूनच बसत. अर्धी भाकरी असली तरी तिचा चतकोर शेजारच्या पोराला मिळे.

आपल्या जुन्या माणसांनी मिळून खाण्याच्या किती रीती घालून दिल्या आहेत! संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी करायची आणि शेतात आलेल्या साऱ्या भाज्या एकत्र शिजवायच्या. हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजर, घेवडा, वालाच्या शेंगा. एकाच्या शेतात सगळं कसं असणार? मग शेजारी देवघेव होते. चंपाषष्ठीला जेजुरीच्या खंडोबाला वांग्याचं भरीत आणि भाकरीचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवसापासून वांगं खाऊ लागतात. भरीत एका वांग्याचं होत नाही. ते चार माणसांसाठीच होतं.

पौष-माघात ज्वारीचं कणीस दुधात येतं आणि हुरड्याचे दिवस सुरू होतात. रानात आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा निखारा करायचा, त्यात कणसं खुपसायची. एकानं भाजायचं, एकानं गरम कणीस हातावर चोळायचं, बाकीच्यांनी खायचं. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा तर साखरेसारखा लागतो. हुरडा एकट्यानं खायची वस्तूच नव्हे. भाजायला एक, चोळायला एक, खायला चार पाहिजेत.

पण हुरड्याच्या जागी एक गोष्ट आम्ही नेहमी पाहतो. आगटीपाशी बसलेला माणूस धुरानं डोळे पुसतो. त्याचे हात भाजतात. बाकीचे म्हणतात, "आण, आण, अजून आण!" शहाणी मंडळी असली तर थोड्या वेळानं एकजण उठतो आणि म्हणतो, "दादा, तू आता इकडं बस. मी भाजतो." तशी मंडळी नसली, तर भाजणाराच उपाशी राहतो.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं तिचं काम पडणार आहे.

आता पंगतीची दुसरी बाजू पाहू. पंगत माणसं जोडते, हे खरं. पण याच पंगतीनं आपल्या देशात माणसं तोडलीही आहेत. कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुणाशेजारी बसतो, यावर केवढी भांडणं झाली! १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना बोलावणं होतं. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून गावभर वादंग उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एवढ्या मोठ्या माणसांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपभर चहासाठी!

मोठ्यांची ही गत, तर दलित बांधवांची काय असेल? त्यांना पंगतीत जागा नव्हती. लग्नकार्यात त्यांनी दूर बसायचं, उरलंसुरलं घ्यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना ही गोष्ट सहन झाली नाही. त्यांच्या पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं. मग महाराज स्वतः तिथला चहा पीत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजानं भाषण केलं नाही. कप तोंडाला लावला.

पुढं १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. आज कुणाला पंगतीतून उठवणं हा गुन्हा आहे. पण कायदा ताट वाढायला येत नाही. गावजेवणात सगळे एका रांगेत बसतात का, कुणी आपण होऊन लांब कोपरा धरतो का, ते आपणच पाहायचं. कुणी लांब बसलेला दिसला, तर त्याला हाताला धरून आणायचं, आणि आपणही त्याच्या घरी जेवायला जायचं. त्याला बोलावलं पण त्याच्या घरी गेलो नाही, तर ते जेवण अर्धंच झालं.

आता गाव सोडून आपल्या घरात येऊ. तिथं पंगत पुरी असते का?

समजा एक घर आहे. घरात सात माणसं. आजा, आजी, कारभारी, कारभारीण, थोरला मुलगा, मुलगी आणि धाकटा मुलगा. संध्याकाळी एक पाहुणाही आला आहे. कारभारणीनं चौदा भाकरी थापल्या. कालवण केलं.

आधी पुरुष आणि पाहुणा बसले. कारभाऱ्यानं तीन भाकरी खाल्ल्या. थोरल्यानंही तीन. आज्यानं दोन, पाहुण्यानं दोन, धाकट्यानं दोन. पाटी घ्या आणि बेरीज करा. बारा झाल्या. राहिल्या दोन.

मग बायका बसल्या. एक भाकरी आजीनं खाल्ली. उरली एक. ती मायलेकींनी अर्धी अर्धी घेतली. पातेल्यात रस्सा होता, फोडी संपल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, तू घे ना." आई म्हणाली, "मला आज भूकच नाही बघ."

ती दिवसभर कारभाऱ्याबरोबर रानात राबली होती. तिला भूक कशी नसेल?

इथं कुणी दुष्ट नाही. कारभारी बायकोला उपाशी ठेवणारा माणूस नव्हे. त्याला कळलंच नाही. तो जेवून अंगणात गेला तेव्हा दुरडीत भाकरी होत्या. पुढं काय झालं ते त्यानं पाहिलं नाही. अन्न कमी पडलं, पण ते कमी पडणं एकाच बाईच्या पोटात लपून राहिलं.

आता तीच आठ माणसं एका वेळी गोल करून बसवा. दुरडी मधे ठेवा. भाकरी तेवढ्याच, चौदा. आजा, कारभारी, कारभारीण, थोरला आणि पाहुणा यांना दोन-दोन. झाल्या दहा. मुलीला दीड, धाकट्याला दीड, आजीला एक. झाल्या चौदा. कुणीच उपाशी नाही. थोरल्याला अजून एक हवी होती, पण दुरडी रिकामी झाली. ते सगळ्यांनी पाहिलं. कारभारी म्हणाला, "उद्या पीठ जरा जास्त मळा गं." असंच व्हायला हवं. कमी पडलं तर ते सगळ्या घराला कळलं पाहिजे.

कुणी म्हणेल, बाईमाणूस कमी खातं, त्यात एवढं काय? तर ऐका. २०१९ ते २०२१ या काळात सरकारनं देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणजे चक्कर येते, दम लागतो, काम उरकत नाही. बाळंतपणात जिवावर बेततं. पोटातलं मूलही अशक्त होतं. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी, उसळ, दूध काही उरत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर रक्त कुठून येणार?

रक्ताला लोह लागतं. बाजरी, मटकी, हुलगे, तीळ, पालेभाज्या यांत लोह असतं. जेवणात लिंबू पिळलं की ते लोह अंगी चांगलं लागतं. जेवल्याबरोबर चहा प्यायला तर ते नीट अंगी लागत नाही. म्हणून जेवणानंतर तासभर चहा टाळावा. फार थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. लोहाच्या गोळ्या तिथं मिळतात.

एकत्र जेवायला अडचणी आहेत, हे आम्हांला माहीत आहे. पुरुष म्हणतात, "आम्हांला तव्यावरची गरम भाकरी लागते." बाई चुलीपुढून उठली तर गरम भाकरी कोण देणार? याला उपाय आहे. सगळ्या भाकऱ्या आधी करून घ्याव्यात. स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत झाकून ठेवाव्यात. अर्धा तास त्या मऊ आणि गरम राहतात. तेवढ्या वेळात मुलांनी पाणी भरून ठेवावं, ताटं मांडावीत. जेवल्यावर ज्याचं ताट त्यानं घासावं. मुलानंही. ताट घासल्यानं कुणाचा हात झिजत नाही.

सासूबाई म्हणतील, "आमच्या वेळी असं नव्हतं. सुनेनं पुरुषांसमोर जेवायचं म्हणजे काय?" त्यांच्यावर रागावू नका. त्या स्वतः तीस-चाळीस वर्षं शेवटी जेवल्या आहेत. त्यांना त्या वेळी कुणी "बस" म्हटलं नाही. आता तुम्ही म्हणा. "आत्याबाई, तुम्ही आधी बसा, मग मी तुमच्याच शेजारी बसते." आजींचं ताट पहिलं वाढलं, की पुष्कळ घरांत अर्धा विरोध तिथंच विरतो.

रोज दोन्ही वेळा जमेल असं नाही. कुणी रानात, कुणी कारखान्यावर, कुणी शाळेत. मग एक वेळ ठरवा. संध्याकाळची बरी. त्या वेळी दिवसभरात काय झालं ते बोलता येतं. धाकटा शाळेतली गंमत सांगतो, आजा जुनी गोष्ट काढतो. मुलगी काही मनातलं बोलते, ते चुलीपाशी एकट्या आईलाच कळायचं, आता बापालाही कळतं. जेवताना भांडण काढू नये, उसनवारीचा हिशेब काढू नये. त्याला दुसरी वेळ आहे.

लग्नाकार्यातही हेच करावं. बायका दिवसभर पुरणपोळ्या लाटतात आणि चार वाजता गार आमटी भात खातात. पहिल्या पंगतीत जेवून उठलेल्या तरण्या पोरांनी वाढप हातात घ्यावं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना दुसऱ्या पंगतीत बसवावं. आगटीपाशी बसलेल्याला आपण "दादा, तू आता इकडं बस" म्हणतो. चुलीपाशी बसलेलीला तेच म्हणायला काय हरकत आहे?

आज संध्याकाळी जेवायला बसाल, तेव्हा एवढं करा. घरात माणसं किती आहेत ते मोजा. मग मांडलेली ताटं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर पंगत पुरी झाली, जेवायला सुरुवात करा. एखादं ताट कमी असेल, तर हात थांबवा, आणि चुलीकडं तोंड करून हाक मारा.