मतदान केंद्रावरचा हिशेब

मताधिकाराच्या संरक्षणाची चर्चा बहुधा न्यायालयांचे निवाडे आणि निवडणूक आयोगाचे आदेश यांच्याभोवती फिरत असली, तरी त्या संरक्षणाचा प्रत्यक्ष कारभार जिल्हा परिषद शाळेच्या एखाद्या वर्गखोलीत, शिक्षक व लिपिक यांच्यामधून नेमलेल्या मोजक्या कर्मचाऱ्यांच्या हातून चालतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील तरतुदीनुसार हे कर्मचारी निवडणुकीपुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. म्हणजे ज्या शासनाचा ते पगार घेतात, त्याचा अंमल त्या अवधीत त्यांच्या या कामावर राहत नाही. ही तरतूद मोलाची खरीच, परंतु केंद्रावरील कामकाज जवळून पाहिल्यास तेथील सगळी मांडणी कर्मचाऱ्याच्या सचोटीपेक्षा त्याच्या प्रत्येक कृतीला साक्षीदार ठेवण्यावर उभी असल्याचे दिसते.

महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजता मतदान सुरू झाले, पण केंद्राध्यक्षाचे काम त्याच्या दीड तास आधी ‘मॉक पोल’ने, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाने सुरू होते. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर ‘नोटा’सह सर्व बटणांवर मिळून किमान ५० मते टाकली जातात, यंत्रातील निकाल व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला जातो, त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात मोहोरबंद होतात आणि यंत्र पुन्हा शून्यावर आणले जाते. यातील शेवटची पायरी गडबडीत राहून गेली, तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात, म्हणून प्रमाणपत्रावर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्याशिवाय केंद्राध्यक्षाला पुढे सरकता येत नाही.

मतदान सुरू झाल्यावर पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव व अनुक्रमांक मोठ्याने उच्चारतो, आणि हा उच्चार शेजारच्या बाकावर आपापली यादी उघडून बसलेल्या प्रतिनिधींसाठी असतो. ओळखीविषयी शंका असल्यास प्रतिनिधीला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. चौकशीअंती आक्षेप खोडसाळ ठरला तर ती रक्कम जप्त होते. इतक्या क्षुल्लक रकमेने आज कोणाला धाक बसत असेल असे नाही, परंतु पावती फाडावी लागते, आक्षेपित मतांच्या सूचीत नोंद होते आणि आक्षेप घेणारा बेनाम राहत नाही. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला सिल्व्हर नायट्रेटयुक्त शाई लावतो व नोंदवहीत, म्हणजे नमुना १७-ए मध्ये, सही किंवा अंगठा घेतो. तिसरा अधिकारी कंट्रोल युनिटवरून मत देण्याची मुभा देतो, पण त्याआधी शाईची खूण पुन्हा पाहतो.

मतदाराच्या हक्काची खरी कसोटी लागते ती त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळते तेव्हा. अशा वेळी त्याला परत पाठवणे नियमबाह्य आहे. केंद्राध्यक्षाने प्रश्न विचारून खात्री करून घ्यायची आणि कागदी मतपत्रिका द्यायची, जिला प्रदत्त मतपत्रिका म्हणतात. तिच्यावरचे मत यंत्रात न जाता स्वतंत्र पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मतमोजणीत धरले जात नाही, त्यामुळे ते देणाऱ्याला आपली बोळवण झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा येथे सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले, तेव्हा याच पाकिटांतील मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. यंत्रातील मत कोणाचे हे गुप्ततेमुळे शोधता येत नाही. प्रदत्त मत मात्र फिर्यादीचा पुरावा म्हणून मागे उरते.

सायंकाळी ६ वाजता रांगेत जे उभे असतील त्यांना चिठ्ठ्या दिल्या जातात, त्याही रांगेतील शेवटच्या माणसापासून पुढे, जेणेकरून मागाहून आलेल्याला घुसता येऊ नये. शेवटचे मत पडल्यावर ‘क्लोज’ बटण दाबले जाते आणि नमुना १७-सी, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, भरला जातो. नोंदवहीतील एकूण मतदारांतून, सही करूनही मत न देणारे आणि गुप्ततेचा भंग केल्यामुळे मत नाकारले गेलेले वजा केले, की यंत्रातील आकडा यायला हवा. आकड्यांची ही ताडजोड दिवसभराच्या थकव्यानंतर होते, चूक होण्याचा संभवही तेव्हाच सर्वाधिक असतो, आणि नेमक्या या वेळी प्रतिनिधींची बाके रिकामी होऊ लागतात. कर्तव्यात कसूर करणाऱ्या कर्मचाऱ्याला या अधिनियमाच्या कलम १३४ नुसार होणारा दंड कमाल ५०० रुपये आहे. त्या दंडापेक्षा १७-सीची प्रतिनिधीच्या हातातील प्रत अधिक वचक ठेवू शकते, कारण मतमोजणीच्या दिवशी यंत्रावर दिसणारी एकूण मते तिच्याशी जागच्या जागी ताडता येतात. नियमानुसार ही प्रत मतदान संपताना हजर असलेल्या प्रतिनिधीलाच द्यायची असते, त्यामुळे दुपारनंतर घरी गेलेल्या प्रतिनिधीच्या उमेदवारापाशी मोजणीच्या टेबलावर ताडून पाहायला स्वतःचा कागद नसतो.