राखलेल्या रानाचें ऋण

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील घोडेस्वारांच्या कथा पाहतांना बंदुकांकडे आपलें लक्ष जातें. मागील डोंगर तेथें कसा टिकला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

१९६६ सालीं तेथील एबीसी वाहिनीनें ‘द मन्रोज’ ही दूरचित्रवाणी-मालिका दाखविली. नदी ओलांडतांना आईबाप बुडतात आणि वायोमिंगच्या रानांत पांच पोरकीं भावंडें एकमेकांच्या आधारानें तग धरतात, असें तिचें कथानक. थोरला भाऊही जेमतेम अठरा वर्षांचा! अशा कथेंत डोंगर हें एक पात्रच असतें. म्हणून चित्रणासाठीं मंडळी १३,७७० फूट उंचीच्या ग्रँड टीटन शिखराच्या परिसरांत गेली. तेथें उन्हाळा अल्पायुषी. घटकेंत ऊन, घटकेंत ढग. एकाच प्रसंगाचे दोन तुकडे जुळवावयाचे तर सूर्याचीच मनधरणी करावयाची. शिवाय फिल्म धुतल्यावांचून चित्र साधलें कीं नाहीं, हेंही त्या काळीं कळत नसे.

परंतु एकोणिसाव्या शतकांतलें रान १९६६ सालीं कॅमेऱ्यास लाभलें कसें? १९२९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय उद्यान मुख्यतः शिखरांपुरतेंच होतें. खालच्या जॅक्सन होल दरींतील जमिनी धाकट्या जॉन रॉकफेलर यांनीं विकत घेतल्या. गुरें पाळणाऱ्या अनेक स्थानिकांचा त्यास कडवा विरोध होता. तरीही १९४९ सालीं त्यांनीं ३०,००० हून अधिक एकर राष्ट्रास अर्पण केले, आणि १९५० सालीं उद्यान विस्तारलें.

मालिका १९६७ सालीं, एकाच हंगामांत, संपली. राखलेली दरी मात्र अद्याप आहे.