उंबरठ्यावरचा सराव



गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा पालक बेळगावहून चोर्ला घाटमार्गे सायकलने पणजीला गेलो. जाताना सगळा आनंदच होता. जांबोटी, कणकुंबीची झाडी, मग घाटाचा उतार आणि शेवटी मांडवीचे पाणी. दुसऱ्या दिवशी परतताना मात्र केरी सोडून चढण लागली आणि अर्ध्या तासात माझ्या पायांतले त्राण गेले. पुढचा बराचसा घाट मी सायकल हातात धरून चढलो. घरी आल्यावर माझ्या नववीतल्या मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही तर तीन महिने रोज पहाटे जोरात सायकल मारत होता. मग असं कसं झालं?”

यंदा आमच्याबरोबर आणखी काही पालक आणि माजी विद्यार्थी येणार आहेत. माझ्यासारखी फजिती त्यांची होऊ नये, म्हणून मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

उंबरठा म्हणजे काय?

सायकल सावकाश चालवताना आपण शेजाऱ्याशी गप्पा मारू शकतो. त्या वेळी स्नायू प्राणवायूच्या मदतीने बरीचशी चरबी आणि थोडी साखर जाळत असतात. जोर वाढला की साखरेचा वाटा वाढतो आणि लॅक्टेट नावाचा पदार्थ अधिक तयार होऊ लागतो. एका मर्यादेपर्यंत जेवढे लॅक्टेट तयार होते, तेवढे शरीर वापरून टाकते. ती मर्यादा ओलांडली की ते रक्तात साठत जाते, धाप लागते आणि थोड्याच वेळात जोर कमी करावा लागतो. ही मर्यादा म्हणजेच उंबरठा.

लॅक्टेट म्हणजे स्नायूंतले विष, असे पूर्वी शिकवले जाई. ते बरोबर नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात तेही त्यामुळे नव्हे. ते साठू लागणे ही केवळ खूण आहे, जमेपेक्षा खर्च वाढल्याची.

साधारणपणे सुमारे तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर, तो आपला उंबरठा समजावा. बेल्जियमचे एडी मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. तो त्यांचा उंबरठा होता. आपला वेगळा असतो आणि तो वाढवता येतो.

लांबच्या सफरीला त्याचा उपयोग काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याला घाट चढायला १८० वॉट शक्ती लागते. त्याचा उंबरठा १७० वॉट असेल, तर तो पहिल्या वळणापासूनच कर्ज काढून चालला आहे. उंबरठा २०० वॉट झाला, तर तोच घाट तो ९० टक्के जोरात चढेल. शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येतो. म्हणून उंबरठा जितका वर, तितका हा साठा पुढच्या वाटेसाठी शिल्लक राहतो.

दूरच्या सायकल सफरींत वेगापेक्षा टिकाव महत्त्वाचा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तास मिळतात. सरासरी किती पडते, ते विद्यार्थ्यांनी वहीत काढून पाहावे. ताशी १५ किलोमीटरसुद्धा होत नाही!

आपला उंबरठा कसा ओळखावा?

रहदारी नसलेल्या रस्त्यावर, शरीर तापवून घेतल्यावर, ३० मिनिटे एकट्याने शक्य तितक्या पण सारख्या जोराने सायकल चालवावी. शेवटच्या २० मिनिटांतील नाडीच्या ठोक्यांची सरासरी ही उंबरठ्याची नाडी समजावी. छातीला किंवा मनगटाला बांधायचे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर बोलून पाहावे. पूर्ण वाक्य आरामात बोलता आले तर जोर कमी आहे, एक शब्दही फुटत नसेल तर जास्त आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, की आपण उंबरठ्यावर आहोत. राजहंसगडाच्या चढणीवर दोन मिनिटे जीव खाऊन मारलेले पायडल म्हणजे उंबरठा नव्हे, ते त्याच्या बरेच पलीकडे गेले.

सराव कसा करावा?

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. आधी १५ मिनिटे सावकाश, शेवटी १० मिनिटे सावकाश. मधला भाग असा :

पहिले तीन आठवडे – ८ मिनिटे उंबरठ्यावर, ४ मिनिटे सावकाश, असे तीनदा.
चौथा आठवडा – सराव निम्मा.
पाच ते सात – १२ मिनिटे उंबरठ्यावर, ५ मिनिटे सावकाश, असे तीनदा.
आठ आणि नऊ – २० मिनिटे उंबरठ्यावर, १० मिनिटे सावकाश, असे दोनदा.
दहावा आठवडा – हलका, मग सफर.

पहिली फेरी सोपी वाटली पाहिजे. तिसरी फेरी पहिलीइतक्याच जोराने पूर्ण झाली, तरच सराव साधला. रविवारी लांब पण गप्पा मारत जाण्याची फेरी, ४० किलोमीटरपासून हळूहळू ९० पर्यंत. त्या दिवशी खाण्यापिण्याचीही सवय करावी : तासाला एक-दोन केळी किंवा तेवढीच चिक्की, आणि चिमूटभर मीठ घातलेले पाणी. उरलेले दिवस विश्रांती किंवा अगदी सावकाश.

माझी चूक येथेच होती. मी रोज मध्यम जोराने दमत होतो. उंबरठा वाढवायला ते पुरेसे नव्हते आणि विश्रांती म्हणावी तर तीही नव्हती. स्नायूंतील केशवाहिन्या आणि पेशींतील तंतुकणिका वाढतात त्या श्रमानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. विश्रांती म्हणजे आळस नव्हे, तो सरावाचाच भाग आहे.

काही सूचना

चाळिशी ओलांडलेल्या किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्या पालकांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. सरावात छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबावे. ताप-सर्दीत सराव करू नये. शाळकरी मुलांनी हे वेळापत्रक पाळू नये. त्यांनी खूप खेळावे, आनंदाने सायकल चालवावी, वाढीच्या वयात तेवढे पुरे. हेल्मेट सर्वांना आवश्यक, आणि पहाटेच्या अंधारात पुढेमागे दिवा हवाच.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. रविवारी सकाळी सहाला निघण्यापूर्वी एकत्र जमण्यासाठी शाळेचे मैदान मिळाले, तर रस्त्याकडेला थांबण्याचा धोका टळेल.

माझ्या मुलीने आता एक वही केली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी घरी आलो, की ती तीन फेऱ्यांची नाडी विचारून लिहून ठेवते. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा फार वर गेला, की म्हणते, “बाबा, आज सुरुवातीलाच घाई केली.” केरीचा घाट यंदा सायकलवर बसून चढायचा, असे मी तिला कबूल केले आहे.