समुद्र गमावलेलें संस्थान : सावंतवाडीच्या अर्थकारणाचा एक पाठ

आमच्या नांदगांवच्या तिठ्यावर देवगड बंदराकडून येणारा रस्ता मुंबई-गोवें महामार्ग ओलांडून फोंडाघाटाकडे जातो. कोकणच्या अर्थकारणाचें मर्म या तिठ्यावर क्षणभर उभें राहिलें असतां ध्यानांत येतें. येथील सत्ता जमिनीच्या साऱ्यावर जितक्या जगल्या तितक्याच बंदर आणि घाट यांमधील वाटेवरून जाणाऱ्या मालाच्या जकातीवरही जगल्या. ती वाट ज्याच्या हातून गेली त्याचें राज्य नांवाला उरलें, परंतु खजिना आटत गेला. सावंतवाडी संस्थान हें याचें ठळक उदाहरण होय.

या विषयाचा विचार करण्यास एक आधुनिक दृष्टान्तही उपलब्ध आहे. इ. स. १९९१ त सोव्हिएत संघराज्य मोडून पंधरा राष्ट्रें झालीं. त्यांतील मोल्दोव्हा या लहान राष्ट्राची स्थिति सावंतवाडीशीं बरीच जुळते. प्रथम आपल्या घरचें प्रकरण पाहूं.

संस्थानावर आघात झाले ते क्रमानें असे. इ. स. १७८१-८२ त डिचोली व सत्तरी आणि १७८८ त पेडणें हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. इ. स. १८१२ त समुद्रावरील लुटालूट थांबविण्याच्या कारणानें इंग्रजांनीं सावंतवाडीकडून वेंगुर्लें व करवीरकडून मालवण घेतलें. इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली; आणि पुढील वर्षींच्या तहानें कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा कंपनीस द्यावा लागला. सुमारें ९२५ चौरस मैलांचें हें संस्थान समुद्राच्या इतक्या जवळ असूनही समुद्रहीन झालें. इ. स. १८३८ त कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालीं गेला, व जकातीचा हक्कही ठराविक वार्षिक रकमेच्या मोबदल्यांत त्यांजकडे गेला.

या शेवटच्या कलमाकडे इतिहासलेखकांचें लक्ष क्वचितच जातें. जकात हा व्यापाराचा अंश असतो. व्यापार वाढला कीं तीही वाढते. नक्त मोबदला मात्र कागदावर लिहिला तेवढाच राहतो. धान्य महागलें, कारकुनाचा पगार वाढला, तरी तो आंकडा हलत नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं जकातीच्या जागीं नेमणूक आली त्याच दिवशीं भावी वाढीचा हक्क सुटला. तीच गोष्ट मिठाची. शिरोड्याचीं मिठागरें याच दिलेल्या पट्ट्यांतलीं. तेथेंच १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला.

ज्या वेंगुर्ल्यासाठीं हें घडलें तें बंदरही चिरकाल भरभराटलें नाहीं. बेळगांवचा माल घाट उतरून तेथें येई. इ. स. १८८८ त मुरगांवची रेल्वे सुरू झाल्यावर तो पोर्तुगीज बंदराकडे वळूं लागला. वाट बदलली कीं बंदर निमतें, हा कोकणचा जुनाच अनुभव आहे.

मग प्रजा जगली कशी? माणसें निर्यात करून. मुंबईची पलटण, पुढें गिरण्या व गोदी, यांत दक्षिण कोकणचा माणूस भरती झाला. इ. स. १८८० पासून टपाल खात्यानें मनिऑर्डरीची व्यवस्था हातीं घेतली, आणि पोस्टमनची पिशवी हीच या मुलखाची दुसरी तिजोरी बनली. चाकरमान्याच्या पैशावर घराचें छप्पर शाकारलें गेलें, सावकाराचें व्याज फिटलें, गणपतीचा सण झाला. परंतु त्या पैशांतून गांवांत नवा धंदा क्वचितच उभा राहिला.

आतां दृष्टान्त. मोल्दोव्हाचा द्राक्षमद्याचा व्यापार मुख्यत्वें रशियाच्या बाजारावर विसंबला होता. रशियानें २००६ त व पुन्हां २०१३ त ती आयात बंद केली. नीस्टर नदीपलीकडील उद्योगप्रधान पट्टी १९९२ च्या युद्धानंतर त्याच्या ताब्याबाहेर राहिली. आमच्या पेडणें-डिचोलीचें स्मरण व्हावें असाच हा प्रकार. समुद्रकिनारा नाहीं, डॅन्यूबच्या तीरावर अर्ध्या किलोमीटरहूनही कमी लांबीची जागा आहे, तेथें त्यानें जुर्जुलेश्तीचें बंदर बांधलें. आणि २००६ च्या सुमारास परदेशीं गेलेल्या माणसांनीं धाडलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें एकतृतीयांशाएवढा होता. मनिऑर्डरीचीच ही मोठी आवृत्ति होय.

तथापि दृष्टान्तास अतिव्याप्तीचा दोष लागूं नये म्हणून भेदही सांगितला पाहिजे. मोल्दोव्हा सार्वभौम आहे. एक बाजार बंद होतांच तो दुसऱ्याकडे वळूं शकला, व २०१४ त त्यानें युरोपीय संघाशीं सहकार्याचा करार केला. सावंतवाडीस १८१९ नंतर परराज्याशीं व्यवहार करण्याची मोकळीक नव्हती. त्यामुळें १९४८ त विलीन होईपर्यंत तिला आपली वाट स्वतः शोधतां आली नाहीं. दारिद्र्याचें कारण जमिनीच्या खडकाळपणांत जितकें आहे तितकेंच या बद्धतेंत आहे, असें माझें मत आहे.

संग्राहकांस एक विनंति करून लेख संपवितों. आपण राजमुद्रांकित सनदा जपतों आणि जकातीच्या नोंदी, वाण्याच्या मोडी वह्या, मनिऑर्डरीचीं कुपनें यांस रद्दी समजतों. एका परिचिताच्या माळ्यावरील असे दोन गठ्ठे पाहण्यास मी गेलों, तों आठच दिवसांपूर्वीं न्हाणीच्या चुलींत त्यांची राख झालेली. त्याच घरची सनद मात्र कांचेंत मढवून भिंतीवर होती. सनद राज्य कोणाचें तें सांगते. तें राज्य कशावर जगलें हें त्या वह्याच सांगूं शकल्या असत्या. ज्यांच्या घरीं असे कागद उरले असतील त्यांनीं ते पावसाळ्यापूर्वीं उतरवून, झाडून, निदान सालवार बांधून ठेवावेत. वाचणारा पुढें कोणी भेटेलच.