मित्राच्या आठवणीत चालायचे आहे? आधी स्वतःचे रक्त तपासा

सिकलसेलने एखादा तरुण गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो आणि त्याच्या मित्रांच्या मनात येते, आपण याच्यासाठी काहीतरी करायला हवे. पोंभुर्ण्याहून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत पायी जायचे, वाटेत निधी गोळा करायचा आणि तो रुग्णांना द्यायचा, अशी कल्पना मग पुढे येते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्येही अनेकजण संस्थांसाठी धावून निधी उभा करतात. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, म्हणून तोच दिवस पोरांना योग्य वाटतो. कल्पना आम्हाला आवडते. पण निघण्याआधी एक प्रश्न विचारू द्या: तुमचा पॅटर्न कोणता?

नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. हा दोष आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत बराच आहे. दोन्ही पालकांकडून आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते. गेलेला मित्र नात्यातला असेल, तर त्याच्यासाठी चालणाऱ्यांतही वाहक निघण्याची शक्यता अधिक.

रोजच्या कामात वाहकाला सहसा त्रास होत नाही. उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना, न थांबता जोर लावला तर गोष्ट वेगळी. स्नायूंत ऑक्सिजन कमी पडतो, रक्तात आम्ल वाढते, वाहकाच्याही काही पेशी विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडतात. स्नायू फुटू लागतात, त्यातला पदार्थ मूत्रपिंडात जातो आणि लघवी काळ्या चहासारखी होते.

अमेरिकेच्या सैन्यात १९७७ ते १९८१ दरम्यान प्रशिक्षणात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय भरतीच्या जवानांत वाहकांच्या अचानक मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे २८ पट निघाले. पुढे सैन्याने पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम सगळ्यांनाच लावले. २०१६ च्या अभ्यासात सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत, स्नायू फुटण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. म्हणजे वाहकाने घरी बसावे असे नाही. नियम पाळले तर तोही चालू शकतो.

सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस की एसएस हे पक्के करून घ्यावे. एसएस असलेल्याने लांब चालूच नये; थकवा आणि पाण्याची कमतरता यांनी दुखण्याचा झटका येतो. त्याला पाण्याच्या गाडीत बसवा, तोही मोहिमेतला साथीच आहे.

बाकीच्यांनी दीड-दोन महिने आधीपासून अंतर थोडे थोडे वाढवावे. ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर त्या वेळी नाव मागे घ्यावे. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते, म्हणून लोक पहाटे चारला निघू म्हणतात. आपल्या जंगलातल्या रस्त्यावर तेही नको. वाघ काय, रानडुक्कर काय, अंधारात गाठ पडू नये. चांगले उजाडल्यावर गटाने निघा, दहा-साडेदहाला सावली धरा, उरलेले ऊन उतरल्यावर चाला आणि एका दिवसात संपवण्याचा हट्ट सोडा. पाणी तहानेची वाट न पाहता घोट घोट घ्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खर्रा त्या दिवशी तरी खिशात नको. पाय दुखतील म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊ नका, पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला जड जाते.

गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस कळवळतो. सिकलिंगमध्ये स्नायू मऊच असतो, पण पाय जड होतात, ताकदच जाते आणि माणूस खाली बसतो. तो बोलत असतो म्हणून इतरांना वाटते, नाटक करतोय. इथेच घात होतो. “त्याच्यासाठी एवढे तरी चाल” असे त्या वेळी कोणी म्हणू नये. सावलीत न्या, ओल्या कापडाने अंग पुसा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना तो वाहक असल्याचे आधी सांगा.

आता निधीचे. नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. त्यातून त्यांनी सिकलसेल रुग्णांसाठी संघटना उभी केली. त्यांच्या कामाला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वाट वर्षानुवर्षांची होती. तुमची दोन दिवसांची असली तरी प्रत्येक मुक्कामाच्या गावी आरोग्य केंद्राशी आधी बोलून तपासणी शिबिर ठेवता येईल. लग्नाआधी दोघांचा पॅटर्न कळला, तर एका घरातले दुःख टळू शकते. पैशापेक्षा हे मोठे आहे असे आमचे मत.

रक्तदान करायचे असेल तर चालण्याच्या दिवशी नको, आठवडाभर तरी अंतर ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवे. वाहकाने रक्तपेढीत तसे सांगावे, कारण त्याचे रक्त सिकलसेलच्या रुग्णाला देत नाहीत. आणि जमा झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब आठ दिवसांत विहाराच्या फळ्यावर लावा.