प्रभाग समितीत आपण कशासाठी जायचे?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. तेव्हापासून आमच्या भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. महानगरपालिकेच्या प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. मग आपल्यापैकी कोणी तेथे नाव द्यावे की देऊ नये? या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. काही मित्र म्हणतात, या समित्या म्हणजे प्रस्थापितांनी मांडलेला देखावा आहे. तेथे बसणारा माणूस चळवळीतून उठतो आणि चहा-बिस्किटाच्या बशीत विरघळतो. दुसरे काही जण असे आहेत की, त्यांना समितीचे नाव छापलेले ओळखपत्र मिळाले म्हणजे समाजाचे काम झाले असे वाटते. माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. समितीवर जावे की जाऊ नये, यापेक्षा कोणाच्या वतीने जायचे आणि आत गेल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी ही समिती म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली आणि कल्याणची त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर होती. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार एका सभागृहातून चालवायचा म्हटले, तर दिव्याच्या चाळीतला नळ आणि डोंबिवलीच्या झोपडपट्टीतला नाला त्या सभागृहाला दिसणारच नाही. म्हणून १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, ३ लाख किंवा अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या नेमल्या पाहिजेत असे सांगितले. घटनेचे २४३-एस हे कलम ते हेच. समितीची रचना कशी असावी, हे मात्र राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. त्याप्रमाणे आपल्या राज्याच्या महानगरपालिका अधिनियमात २९-अ हे कलम आले.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ज्या प्रभागातून आपण नगरसेवक निवडतो तो प्रभाग वेगळा आणि प्रभाग समितीचे क्षेत्र वेगळे. अनेक निवडणूक प्रभाग मिळून एक समिती होते. ठाण्यात वागळे, कळवा, मुंब्रा, दिवा अशी या समित्यांची नावे आहेत. कल्याण-डोंबिवलीत प्रभाग क्षेत्रांना अ, ब, क अशी अक्षरे आहेत. समितीत त्या क्षेत्राचे सर्व नगरसेवक असतात, त्या क्षेत्राचा प्रभारी अधिकारी असतो, आणि या दोहोंखेरीज जास्तीत जास्त तीन सदस्य त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांतून घेता येतात. हे सदस्य त्याच क्षेत्रातील मतदार असले पाहिजेत. त्यांना नामनिर्देशित कोण करते? तर त्याच समितीतले नगरसेवक.

या समितीकडे कामे कोणती? पाणीपुरवठा, मलनिस्सारण, साफसफाई, पावसाळी पाण्याचा निचरा यांविषयीच्या सामान्य तक्रारींचे लवकर निवारण करणे. आपल्या क्षेत्रातील खर्चाच्या अंदाजांवर, ते आयुक्तांकडे जाण्यापूर्वी, शिफारशी करणे. आणि अर्थसंकल्पात तरतूद असलेल्या, ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना मंजुरी देणे. वाचायला ही यादी रुक्ष वाटते. परंतु आपल्या वस्तीच्या दृष्टीने पाहा. नळ कोणत्या गल्लीपर्यंत येतो, शौचालयाची टाकी केव्हा उपसली जाते, पावसाचे पाणी कोणाच्या उंबऱ्यातून आत शिरते, या सर्व गोष्टी या रुक्ष यादीत आहेत. जातिव्यवस्थेने आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला ठेवली. शहराने ती नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या रुळाला आणि कचऱ्याच्या डोंगराला चिकटून ठेवली. कल्याणच्या आधारवाडीला आणि ठाण्याच्या दिव्याला वर्षानुवर्षे सबंध शहराचा कचरा पडत राहिला, तो कोणाच्या नाकाशी पडत होता हे सांगावयास नको. शहरातील जातीचा भूगोल असा पाण्याच्या आणि घाणीच्या वाटांनी आखला जातो. त्या वाटा जेथे ठरतात, तेथे आपला माणूस नसावा काय?

असावा. पण नुसता असून काय होते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात हेल्पर होते. कोणत्याही कचेरीत काम निघाले की ते व्हरांड्यात उभे राहत. आतून हाक आली तरच चप्पल बाहेर काढून आत जात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मला एका स्थानिक सल्लागार समितीवर घेतले, तेव्हा त्या खुर्चीचा मला मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. वडील ज्या दाराबाहेर उभे राहिले त्या दाराच्या आत मी बसलो होतो, आणि मला वाटले, हेच परिवर्तन!

एका बैठकीत विषयपत्रिका ऐन वेळी हातात पडली. वीसएक विषय होते. त्यांतला एक ‘धोकादायक सार्वजनिक शौचालय निष्कासित करणे’ असा होता. कोणते शौचालय, त्याऐवजी दुसरे कोठे आणि केव्हा, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. हजेरीपटावर सही केली, चहा घेतला आणि कॉलेजला तास घ्यायला गेलो. पंधरवड्याने आमच्या शेजारच्या वस्तीतले शौचालय पाडले गेले. त्यानंतरचे दोन पावसाळे तेथल्या बायाबापड्या अंधारात रस्ता ओलांडून दुसऱ्या वस्तीत जात होत्या. वस्तीतली माणसे दाद मागायला गेली, तेव्हा त्यांच्यापुढे इतिवृत्त ठेवण्यात आले. त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले होते. आणि वर त्यांना सांगण्यात आले की, तुमचेच सर हजर होते. त्या रात्री एका म्हाताऱ्या मावशींनी मला विचारले, “सर, तुम्ही आत होता ना? मग आम्ही बाहेर कशा राहिलो?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

या अनुभवातून मी जो निष्कर्ष काढला तो असा. समितीवरील सदस्याची ताकद त्याच्या खुर्चीत नसते, मतांच्या संख्येतही नसते. तीन माणसे ठराव हाणून पाडू शकत नाहीत. परंतु ‘सर्वानुमते’ हा शब्द खोडण्याची ताकद एकट्या माणसाजवळही असते. ज्या इतिवृत्तात आपला विरोध नोंदला गेला, ते इतिवृत्त उद्या वस्तीच्या हातातले हत्यार होते. ज्यात तो नोंदला गेला नाही, ते वस्तीच्या विरुद्ध वापरले जाते. मूक सदस्य तटस्थ नसतो. तो प्रस्थापितांना आपल्या समाजाची संमती फुकट देऊन येतो.

हा विचार काही नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, तेही सरकारने नेमलेले सभासद म्हणून. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव मंजूर झाला, जोतीराव हरले. पण त्या सभागृहातील इतरांची नावे आज कोणाला आठवतात? नेमणूक सरकारची असली तरी निष्ठा रयतेची ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

बाबासाहेबांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मुंबई कायदेमंडळात ते प्रथम गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी कायदेमंडळाने जी समिती निवडली, तिच्यातही ते होते. तिच्या बहुमताच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला आणि त्यात प्रौढ मताधिकाराची व अस्पृश्यांसाठी राखीव जागांची मागणी केली. त्याच सुमारास अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीचेही ते सदस्य होते; तिचा अहवाल १९३० साली आला. म्हणजे बाबासाहेबांनी समित्या वर्ज्य मानल्या नाहीत. जेथे एकत्र काम होण्यासारखे होते तेथे ते केले, जेथे पटले नाही तेथे सही नाकारली, आणि नुसती नाकारली नाही, तर आपले म्हणणे कारणांसह लेखी दिले.

परंतु कागदावरचा ठरावही पुरेसा नसतो, हेही आपण विसरू नये. महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी तळ्याचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ चा दिवस आणि हजारो माणसांचे पाय लागले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. ठरावामागे माणसे उभी नसली तर ठराव पुसला जातो. म्हणून समितीतला सदस्य आणि वस्तीतली माणसे यांची ताटातूट होता कामा नये.

आता व्यवहाराकडे वळू. नाव देऊ इच्छिणाऱ्या मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, नाव व्यक्तीचे नव्हे, संस्थेचे जाते. वस्तीतले महिला मंडळ, वाचनालय, अभ्यासिका यांची नोंदणी करा, दप्तर नीट ठेवा, हिशेब तपासून घ्या. पुष्कळदा आपली खरी काम करणारी मंडळे कागदावर नसतात आणि कागदावरची मंडळे वस्तीत नसतात. संस्थेची कागदपत्रे जोडून लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. निवड नगरसेवकांच्या हाती असल्यामुळे ती मर्जीवर जाण्याचा धोका आहे, हे खरे. म्हणूनच आपला अर्ज नोंदीवर असला पाहिजे. तो का नाकारला, हे मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते.

दुसरी गोष्ट, बैठकीपूर्वी वस्तीत बैठक. विषयपत्रिका आधी मागावी, मराठीत समजावून सांगावी. ‘निष्कासित’ म्हणजे पाडणे, हे मावशींना कळले असते तर त्यांनी मला आत जाऊ देण्यापूर्वीच दहा प्रश्न विचारले असते. बैठकीनंतर पुन्हा वस्तीत येऊन काय झाले ते सांगावे.

तिसरी गोष्ट, तोंडी विरोध हवेत जातो. आपले मत एका कागदावर लिहून न्यावे, अध्यक्षांकडे द्यावे, पोच घ्यावी आणि पुढच्या बैठकीत आधीचे इतिवृत्त कायम करताना ते नोंदले आहे का, हे पाहावे.

चौथी गोष्ट, एकच माणूस वर्षानुवर्षे नको. शक्यतो बाईमाणूस पुढे करावे. पाण्याची आणि शौचालयाची अडचण जिला सोसावी लागते, तिच्याइतका जाणकार सल्लागार दुसरा नाही.

प्रभाग समितीखेरीज इतरही दारे आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींतील अशासकीय सदस्य घेतले जातात आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना दिल्या आहेत. स्टेशनाबाहेर भाजी विकणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे माहीत आहे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने महापालिकेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत असे सांगितले आहे. हे सर्वांत जवळचे दार. नवशिक्या कार्यकर्त्याने तेथूनच सुरुवात करावी.

या साऱ्या व्यवस्थेच्या मर्यादा मी नाकारत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याच्या सभागृहाची मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर निवडणुका होईपर्यंत प्रशासकाचा कारभार राहिला. सभागृह नाही म्हणजे प्रभाग समितीही नाही. त्या काळात वस्तीला विचारणारे कोणी नव्हते आणि वस्तीने कोणाला विचारावे हेही ठरत नव्हते. अशा समित्यांनी जातिअंत होईल, असा भाबडेपणा कोणी बाळगू नये. मोर्चा, सत्याग्रह, न्यायालय, लेखणी यांची जागा समिती घेऊ शकत नाही. परंतु मोर्चा ज्या निर्णयाविरुद्ध निघतो, तो निर्णय महिनाभर आधी कोणत्या तरी बैठकीत ‘सर्वानुमते’ झालेला असतो. तेथे आपला एक माणूस जागा असेल, तर वस्तीला निदान वेळेवर खबर लागेल.

ज्या शौचालयाची हकिगत वर सांगितली, ते पुढे वस्तीतल्या बायांनीच अर्ज-विनंत्या आणि धरणे करून बांधून घेतले. त्यात माझे श्रेय काही नाही. पुढे समितीसाठी नाव सुचवण्याची वेळ आली, तेव्हा मी त्या मावशींच्या सुनेचे नाव सुचवले. ती दहावी झालेली आहे, घरकाम करते, आणि वाचल्याशिवाय सही करत नाही. आपल्या संस्थांनी अशी माणसे शोधावीत, त्यांच्या पाठीशी उभे राहावे, आणि नव्या समित्यांसाठी आपले अर्ज आताच तयार ठेवावेत.