प्रयोगशाळेतील उंदराचे कूळ आणि आरोग्य

गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात आठवीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस प्रश्न विचारला, "सर, नवे औषध आधी उंदरावर तपासतात ना? मग आमच्या घरात तांदळाची पोती कुरतडणारे हुंदीर शास्त्रज्ञांना का चालत नाहीत?" घरातला कोंकणी शब्द तिच्या तोंडून सहज निघाला आणि भोवतालची मुले हसली. आम्हांला मात्र हसता आले नाही, कारण उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तरीही शिक्षकाने विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवू नये, या जाणिवेने आम्ही त्या विषयाच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते या वार्षिक अंकाच्या द्वारे त्या मुलीपुढे आणि आपणा सर्वांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ आपल्या परिचयाच्या आंब्यापासून करू. मानकुरादाची बाठ पेरली तर तिच्यातून मानकुरादच निपजेल अशी खात्री कोणी देत नाही. झाड रायवळ निघण्याचाच संभव अधिक. म्हणून बागाईतदार कलम बांधतो. एकाच झाडाची शंभर कलमे लावली, तर त्यांच्या गुणांत भेद नसतो. अशा दोन कलमांपैकी एकाला विशिष्ट खत घातले आणि त्यालाच अधिक फळ आले, तर ते श्रेय खताचे, असे आपण म्हणू शकतो. तीच दोन झाडे रायवळ असती, तर श्रेय खताचे की बीजाचे, हे कळण्यास मार्ग उरला नसता. औषधाची परीक्षा करणाऱ्या शास्त्रज्ञापुढेही हीच अडचण असते. त्यालाही कलमी आंब्यासारखे, परस्परांपासून भिन्न नसलेले प्राणी हवे असतात.

परंतु उंदराचे कलम बांधता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग काढला. एकाच विणीतील भाऊ आणि बहीण यांची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतील भाऊ-बहिणींची पुन्हा जोडी लावायची, आणि असे सलग २० पिढ्या करीत राहायचे. उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असून पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात, म्हणूनच हे काम एका माणसाच्या आयुष्यात होऊ शकते. २० पिढ्यांनंतर त्या कुळातील सर्व उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे एकरूप होतात. अशा कुळास शुद्ध वाण म्हणतात. अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिट्ल या तरुण संशोधकाने १९०९ साली हा प्रयोग आरंभिला. पुढे १९२१ साली त्यानेच ज्या काळ्या उंदरांचे कूळ सुरू केले, ते 'सी-५७ ब्लॅक' या नावाने जगभर पसरले. २००२ साली उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच कुळातील उंदराचा होता.

या काळ्या उंदरांचे पूर्वज लिट्ल यास ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एका बाईंकडून मिळाले होते, हे सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. कारण या बाई पूर्वाश्रमीच्या शाळाशिक्षिका होत्या. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी अध्यापन सोडले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅन्बी या गावी त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या. तो व्यवसाय साधला नाही, तेव्हा हौशी लोकांसाठी उंदीर पाळण्यास आरंभ केला. कोणत्या उंदराची संतती कोणती, कोणास गाठ आली, याची नोंद त्या काळजीपूर्वक ठेवीत. या नोंदींच्या बळावर त्यांनी लिओ लोब या शास्त्रज्ञाबरोबर कर्करोगाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. १९१८ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या उंदरांचा वंश आजही नांदतो आहे.

मात्र कूळ एकदा शुद्ध झाले म्हणजे ते कायम शुद्ध राहते, असे नाही. त्याला दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे माणसाची चूक. पिंजऱ्यावरील चिठ्ठी बदलली, एखादा उंदीर निसटून भलत्या पिंजऱ्यात शिरला, की संकर होतो. आणि पांढऱ्या उंदरात मिसळलेला दुसरा पांढरा उंदीर डोळ्यांना ओळखू येत नाही. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले, की शुद्ध वाणाचे म्हणून विकत घेतलेले पांढरे उंदीर तपासणीअंती शुद्ध नसल्याचे आढळले. त्यांच्यावर खर्ची पडलेले श्रम कोणी भरून द्यावेत?

दुसरा शत्रू म्हणजे काळ. एकाच कुळाच्या दोन शाखा दोन ठिकाणी वाढू लागल्या, की प्रत्येकीत हळूहळू निराळे बदल साठत जातात. सी-५७ ब्लॅक कुळाच्या दोन प्रमुख शाखा १९५१ साली विभक्त झाल्या. रंगरूपाने त्या आजही सारख्याच. परंतु त्यांपैकी एकीतील एका जनुकाचा काही भाग गळालेला असून त्याचा परिणाम शरीरातील साखरेच्या नियमनावर होतो, हे २००५ च्या सुमारास उघडकीस आले. दुसरीत डोळ्याच्या पडद्याला बाधणारा दोष आहे, हे २०१२ साली कळले. मधुमेहावरील प्रयोगात एका बाजूस ही शाखा आणि दुसऱ्या बाजूस ती शाखा घेतली, तर दिसणारा फरक औषधाचा की कुळाचा, हे कोण सांगणार? म्हणून शेपटीच्या टोकाचा अथवा कानाचा लहानसा तुकडा घेऊन जनुकांची ठरावीक ठिकाणे वेळोवेळी पडताळून पाहतात, आणि मूळ कुळाचे गर्भ गोठवून जपून ठेवतात. उंदराचे गर्भ गोठवून पुन्हा सजीव करण्याची किमया १९७२ साली साध्य झाली.

आता आरोग्याकडे वळू. आजारी उंदीर आजारी दिसतोच, असे नाही. त्याच्या यकृतास बाधणारा एक विषाणू प्रौढ उंदरात बहुधा काहीच लक्षण दाखवीत नाही. पण त्याच्या प्रतिकारशक्तीचे गणित बिघडवून टाकतो. उलटपक्षी, १९३० साली लंडनमध्ये प्रथम वर्णन झालेली उंदरांची देवी हा रोग समूळ संहार करू शकतो. १९९५ साली अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत तो शिरला, तो परदेशातून आणलेल्या उंदरांच्या रक्तरसातून. शत्रू दारातून न येता बाटलीतून आला!

यावरचा उपाय मोठा कल्पक आहे. काही निरोगी उंदीर पहारेकरी म्हणून नेमतात. इतर पिंजऱ्यांतील वापरलेला भुसा थोडाथोडा त्यांच्या पिंजऱ्यात टाकतात. तिकडे रोग असेल तर तो यांना जडतो. ठरावीक काळाने, बहुधा दर तीन महिन्यांनी, यांचे रक्त तपासले की सर्व दालनाची प्रकृती कळते. श्वासावाटे पसरणारे काही विषाणू मात्र भुशातून नीट पोचत नाहीत. म्हणून अलीकडे पिंजऱ्यांतून बाहेर जाणाऱ्या हवेतील धूळ गाळून तिच्यात विषाणूंचा माग काढतात. त्यामुळे पहारेकऱ्यांचे प्राणही वाचतात.

पहारेकरी प्राण्याची ही युक्ती आपल्या देशास अपरिचित नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता, १९०५ साली नेमलेल्या संशोधन मंडळाने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवांनी रोगाची वाट दाखवून दिली. पुढे १९५७ साली मुंबईतच प्रयोगप्राण्यांविषयी माहिती देणारे केंद्र निघाले आणि १९७६ साली ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गेले. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० साली कायदा झाला, आणि त्यान्वये प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ साली स्थापन झाली.

तेव्हा त्या विद्यार्थिनीस आमचे उत्तर असे : मुली, तुझ्या घरातला हुंदीर प्रयोगशाळेतील उंदराचा दूरचा आप्त असेलही, पण त्याचे कूळ आणि त्याची प्रकृती आपणांस ठाऊक नाही. ज्याच्याविषयी काही ठाऊक नाही, त्याने दिलेली साक्ष ग्राह्य कशी धरावी? त्या साक्षीवर विसंबून उद्या कोणा रुग्णाच्या हाती औषधाची बाटली जाणार असते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. पिंजऱ्यातील त्या मुक्या जीवाने आपले आयुष्य स्वखुशीने दिलेले नसते. ते आपण घेतलेले असते. चिठ्ठी चुकली, नोंद राहिली, तपासणी टाळली, तर तो जीव व्यर्थ जातो. म्हणून नोंदवहीत नीटनेटक्या अक्षरात लिहिलेली एक खरी ओळ ही त्याला दिलेली दाद आहे. आपल्या प्रयोगवहीत निरीक्षण न करताच आकडा भरण्याचा मोह ज्या विद्यार्थ्यास होईल, त्याने या उंदराचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.